मधल्या सुट्टीतल्या गोळ्या

"जीभ वर कर."

"गिळल्या, बाई. खरंच."

"वर कर म्हटलं ना."

पूनमनं तोंड उघडून जीभ वर केली. डाव्या गालाच्या आत ती लाल कॅप्सूल दडून बसली होती. अर्धी विरघळलेली, सगळी जीभ रंगवून. मी पाण्याचा पेला पुन्हा तिच्या हातात दिला. तिनं डोळे गच्च मिटून ती गिळली आणि उलटी होऊ नये म्हणून खिडकीचा गज धरून उभी राहिली. सात गोळ्यांतली ती सातवी होती, आणि तो जुलैतला तिसरा सोमवार होता.

"असं किती दिवस, बाई?"

"सहा महिने. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"मी मरेन."

"गोळ्या घेऊन कुणी मरत नाही. न घेतल्यानं मरतात," मी म्हणाले.

मी अशीच बोलायचे. पाठीमागे मुली मला 'सुई' म्हणत, हे मला ठाऊक होतं. शिवणाच्या बाईला शोभण्यासारखंच नाव होतं, म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. सिन्नरच्या एका मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवत होते. शिकवत होते म्हणजे नावालाच. खोलीत आठ मशीन, त्यांतल्या तीन चालू. आठवड्याला सहा तास, तेही गणिताच्या बाईंचा अभ्यासक्रम मागे पडला की त्या गोड बोलून मागून घेत. खोली आवाराच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीमागे होती. डबाही मी तिथंच खायचे. शिक्षकखोलीत सासवांच्या, सुनांच्या, मुलांच्या बारावीच्या गप्पा चालत आणि त्यांत भर घालायला माझ्याकडे काही नसे. मी सेहेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून घरी बोलायला फक्त रेडिओ, आणि तोही आपलंच खरं करणारा. आपण बरं की आपलं काम बरं, असं मी सगळ्यांना सांगायचे. काम तरी कुठं होतं, हे कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये शाळेची आरोग्य तपासणी झाली. दरवर्षीप्रमाणे नर्सबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाचं राहिलंय ते पाहिलं, वजनं केली, दात बघितले. नववी 'ब'मधल्या पूनम भडांगेचं वजन गेल्या वर्षीपेक्षा चार किलो कमी भरलं, आणि तपासताना ती थांबून थांबून खोकत राहिली. डॉक्टरांनी तिला बाजूला बसवलं. पुढं थुंकीचा रिपोर्ट आला. क्षय.

औषध सरकारी होतं, फुकट होतं. पण नियम असा होता, की गोळ्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. कुणीतरी समोर बसून प्रत्येक डोस गिळवायचा आणि कार्डावरच्या त्या दिवसाच्या चौकोनात सही करायची. ते 'कुणीतरी' शाळेतलं असलं तर मुलीला सोयीचं, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मुलीचं नाव न सांगता तिघीचौघींना विचारून पाहिलं. एकीचं बाळ लहान होतं, एकीची सासू आजारी होती, एकीला नुसत्या कल्पनेनंच खोकला आला. शेवटी मला बोलावणं आलं.

"ढवळे बाई, तुमच्या घरी कुणी नाही, म्हणून विचारते," त्या म्हणाल्या.

चांगल्या मनानं म्हणाल्या. मी हो म्हणाले.

पहिल्या डोसाच्या आधी शनिवारी पूनमची आई मला भेटायला आली. विड्या वळणारी बाई. बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालेली. बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई, हात जोडून सांगते, ह्ये कुनाला कळता कामा न्हाई. हिच्या मोठ्या बहिनीचं, उज्ज्वलाचं, निफाडला जमलंय. माघात लगीन हाये. घरात असला आजार हाये म्हनून कळलं तर सोयरीक मोडंल."

"माझ्याकडून कळणार नाही."

"आन् हिचे वडील काय म्हनत्यात, बोभाटा झाला की शाळा बंद. अकोल्याला मामाकडं धाडून देतो म्हनत्यात. पोरगी हुशार हाये वो. धावी तरी होऊ द्या तिची."

"होईल दहावी."

"त्या दवाखान्यातला मानूस म्हनला, पुढं पुढं गोळ्या घरी न्यायला देतो. घरी नगं बाई. दीर-जाऊ एका घरात, दिवसभर वट्यावर पाच बाया विड्या वळीत बसलेल्या. काय लपवू न् कुठं लपवू? सगळ्या हितंच द्या." मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "आन् त्यो म्हनला, येक बी डोस चुकला तर दुसऱ्या दिशी घरी यून चौकशी करावी लागती. त्यो घरी आला तर मेलोच आम्ही."

"चुकला तर येईल ना? चुकणारच नाही. मी आहे ना इथं."

तेव्हा कुठं ती बसली, आणि पाणी मागून प्यायली.

पूनमच्या नावाचा औषधाचा खोका मी कपाटात कापडाच्या तुकड्यांखाली ठेवला. वर्गात तिनं सांगायचं ठरलं, की मधल्या सुट्टीत ती शिवण शिकायला जाते. आता खोटं बोलायचं तर निदान ते खरं दिसावं, म्हणून मी तिला खरोखरच शिकवायला लागले.

पहिले दोन महिने कठीण गेले. सात गोळ्या पोटात गेल्या, की तिचा चेहरा पांढरा पडायचा. मी आधी तिला काहीतरी खायला घालू लागले. कधी थालीपीठ, कधी दडपे पोहे, कधी नुसता गूळ-शेंगदाणा. एके दिवशी ती रडतच आली. त्या कॅप्सूलनं लघवी लालसर होते, हे मी सांगितलं होतं तरी पोर भेदरली होती, आणि त्याहून मोठी भीती ही, की शाळेच्या संडासात पाणी नसतं, पुढची मुलगी बघेल. मी तिला शिक्षकांच्या संडासाची किल्ली दिली. कुणी विचारलं तर शिवणाच्या बाईंनी बादली आणायला पाठवलंय म्हणून सांग, म्हटलं.

"तुम्हाला बरं सुचतं असलं," ती डोळे पुसत म्हणाली.

"मला सगळं सुचतं. विचारत कुणी नाही."

ती हसली. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती आणि हसल्यावर ती हातानं झाकायची सवय होती.

सप्टेंबरात सातच्या तीन गोळ्या झाल्या. खोकला गेला, वजन वाढलं. तीन गोळ्या घ्यायला एक मिनिट पुरे. पण ती सगळी सुट्टी बसून राहायची. काजं करायची, हेम घालायची, बडबडायची. निफाडच्या नवरदेवाचे कान केवढे आहेत, वडील कारखान्यातून रात्रपाळी करून आले, की घरात सगळ्यांनी कसं मांजराच्या पावलांनी चालायचं, विडीच्या पानाला कात्री कशी लावतात. मी ऐकत राहायचे. मी कधी कुणाला एवढं ऐकलं नव्हतं आणि मला कुणी एवढं सांगितलंही नव्हतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी दोघींचा डबा आणू लागले. मंगळवार आणि गुरुवार मला आवडेनासे झाले.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, म्हणून ती माझ्या घरी यायची. 'बाईंकडे फॉल लावायला शिकते', असं गल्लीत सांगून. आई गेल्यापासून मी फराळाचं काही केलं नव्हतं. त्या वर्षी करंज्या केल्या. तिनं पुऱ्या लाटल्या, मी सारण भरलं, आणि निम्म्या करंज्या तळताना फुटल्या. तेलात सारण सांडलं म्हणून आम्ही दोघी हसत सुटलो. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "पाहुणी आलीय वाटतं?" मी म्हणाले, "हो, भाची आहे." का म्हणाले कोण जाणे. पूनमनं चटकन मान खाली घालून "मावशी, झारा द्या," असं म्हटलं. ते 'मावशी' मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. सांगायलाही लाज वाटते, पण घोळवत होते.

महिन्यातून एकदा आरोग्य खात्याचे पर्यवेक्षक ठोंबरे मोटरसायकलवरून यायचे. कार्ड बघायचे, खोका तपासायचे. सरळ माणूस, कामाचा पक्का.

"बाई, तालुक्यात असं कार्ड कुणाचं नाही. एक चौकोन रिकामा नाही."

"राहणारही नाही."

"शेवटपर्यंत असंच ठेवा. लोक शेवटी शेवटीच सोडतात. बरं वाटायला लागलं, की झालं."

जानेवारी उजाडला. पहिल्या बुधवारी पूनमनं गोळ्या घेतल्या आणि कार्डावर बोट ठेवून उरलेले चौकोन मोजले.

"चार! बाई, चारच! शुक्रवार, सोमवार, बुधवार, शुक्रवार. संक्रांतीच्या आत सुटले मी."

"सुटलीस?"

"मग काय! रोहिणी सारखी म्हणते, तू मधल्या सुट्टीत आमच्यात येतच नाहीस. सहा महिने मंगळवार-गुरुवार सोडून आम्ही एकत्र डबा खाल्ला नाही, बाई. आता रोज त्यांच्यातच बसणार."

"आणि शिवण?"

"शिवण काय, आलं की सगळं. फॉल येतो, काजं येतात." ती पेला विसळून पालथा घालत म्हणाली. "जाऊ? आज रोहिणीनं बोरं आणलीत."

"जा."

ती पळाली. सुट्टीची वीस मिनिटं अजून शिल्लक होती. दुसरा डबा मी तसाच झाकून ठेवला.

चौदा वर्षांच्या मुलीनं दुसरं काय म्हणायला हवं होतं? बरं होऊन मैत्रिणींत जावंसं वाटणं, यासाठीच तर सगळा खटाटोप होता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटात दुखायचं थांबणं वेगळं.

शुक्रवारी मधली सुट्टी झाली. मी उशीची खोळ शिवत होते. एरवी ती यायच्या आधी मी दाराची आतली कडी काढून ठेवायचे. त्या दिवशी ती लावलेलीच राहिली, किंवा मी राहू दिली. दारावर थाप पडली. मी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि मशीन थांबली.

"बाई?"

पुन्हा थाप पडली, जरा जोरात.

"बाई, मी आलेय."

खोकताना तोंडावर हात धरावा तसा मी तोंडावर हात धरला होता. ती थोडा वेळ थांबली. मग तिची पावलं टाकीच्या बाजूनं निघून गेली. मी चाकावरचा हात काढला आणि खोळीची राहिलेली शिवण पुरी केली.

मी रुसले होते. सेहेचाळीस वर्षांची बाई चौदा वर्षांच्या पोरीवर रुसली होती. रुसायलाही हक्काचं माणूस लागतं, आणि मला ते फार वर्षांनी मिळालं होतं. पण नुसतं रुसणं असतं, तर मी तासाभरानं तिला वर्गातून बोलावून घेतलं असतं. माझ्या मनात दुसरंही होतं. शुक्रवारचा डोस सोमवारी गेला, की शेवटचा दिवस एकानं पुढं ढकलला जाणार होता. शुक्रवारऐवजी संक्रांतीनंतरचा सोमवार. म्हणजे मधे शनिवार-रविवार, आणि त्यानंतर आणखी एकदा ती येणार. एवढ्यासाठी मी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. सव्वासातला मी खोलीचं कुलूप काढते आहे तोच मोटरसायकल आली.

"या बाजूला निघालो होतो, म्हटलं तुमचं कार्ड बघून जावं," ठोंबरे म्हणाले. त्यांनी कार्ड उघडलं आणि त्यांचं बोट थांबलं. "काल?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काल आली नाही."

"आजारी आहे?"

"माहीत नाही."

"बघा. म्हटलं नव्हतं मी? शेवटी शेवटीच." त्यांनी कार्ड मिटलं. "घरी जाऊन येतो."

"नको, नको. आज येईल ती शाळेत. मी देते ना."

"आली तर द्याच. पण घरच्यांना एकदा बजावून ठेवायला हवं, बाई. नियम आहे. आज हिचा एक चुकला, उद्या दुसरा चुकेल, आणि सहा महिन्यांचं मुसळ केरात."

"त्यांच्या घरी जायचं नाही असं... तिच्या आईला मी शब्द दिलाय."

"डोस चुकणार नाही असाही दिला असेल ना त्यांनी?" ते हसून म्हणाले आणि हेल्मेट घालायला लागले.

हेल्मेटचा पट्टा बसत नव्हता. तो त्यांनी दोनदा ओढला. तेवढा वेळ माझ्याकडे होता. 'ती आली होती, मीच दार उघडलं नाही', एवढं एक वाक्य. ते म्हटलं असतं तर ते गेले नसते. फार तर माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं असतं, कार्डावर शेरा मारला असता, मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर गेलं असतं. शिक्षकखोलीत आठवडाभर चघळायला विषय झाला असता. मी त्या आठवड्याला भ्याले. मोटरसायकल सुरू झाली आणि फाटकाबाहेर गेली.

साडेनऊच्या सुट्टीत पूनम आली.

"काल आले होते मी, बाई. तुम्ही नव्हता?"

"ऑफिसात होते."

तिनं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी गोळ्या दिल्या. त्या तिनं घेतल्या. तुझ्या घरी माणूस गेलाय, हेही मी तिला सांगितलं नाही. शाळा सुटल्यावर ती रोहिणीच्या खांद्यावर हात टाकून फाटकाबाहेर गेली. मी खिडकीतून पाहत होते.

सोमवारी ती आली नाही. वर्गातही नव्हती. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये घातली आणि तिच्या घराच्या वाटेला लागले. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. वाटेत मी वाक्यंही जुळवली. पहिलं वाक्य, मग दुसरं, मग क्षमा.

ओट्यावर पूनमची आई एकटीच विड्या वळत बसली होती. बाकीच्या बायका समोरच्या घराच्या ओट्यावर होत्या. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. आई उठली आणि मला आत घेऊन गेली.

"बसा, बाई."

"काय झालं?"

"व्हायचं त्ये झालं. शनवारी त्यो मानूस आला. वट्यावर सगळ्यांम्होरं इच्यारलं, पूनम भडांगे हितंच ऱ्हाती का, टीबीचा डोस का चुकवला म्हनून. सांजच्याला निफाडला पोचलं बी." ती खाली बघून बोलत होती. "लगीन मोडलं न्हाई, द्येवाची किरपा. पर निरोप धाडलाय, ती पोरगी आमाला मांडवात नगं आन् घरात बी नगं. उद्या सकाळच्या गाडीनं मामाकडं जाती."

"आणि शाळा?"

"कसली शाळा आता."

पूनम आतल्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या डाव्या गालावर बोटांचे वळ होते, पिवळे पडत आलेले.

"हानली वडलांनी," आई म्हणाली. "डोस चुकवला म्हनून न्हाई. खोटं बोलती म्हनून. म्हनती, मी गेल्ते, दार वाजवलं, बाईंनी उघडलं न्हाई. म्या म्हनलं, अगं, बाई असं कशाला करतील? सा म्हैने त्या बाईनं तुला घरचं करून खाऊ घातलं. आता तुमीच सांगा, बाई. आल्ती का ही?"

"दोनदा वाजवलं मी," पूनम म्हणाली. माझ्याकडे नाही, आईकडे बघून. "आत मशीन चालू होती. मी वाजवलं आणि ती थांबली."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. संशय असता तर कदाचित मला खरं बोलता आलं असतं. तिथं नुसता विश्वास होता, आणि तो मोडायला माझा जीव धजेना. जुळवून आणलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे.

"मी ऑफिसात होते," मी म्हणाले.

पूनम आता माझ्याकडे बघत होती. ती सगळं समजली होती. शुक्रवारी दाराबाहेर समजली नसेल, शनिवारी समजली नसेल, पण त्या वेळी समजली. मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"मग बाजूच्या वर्गातला आवाज असेल," ती म्हणाली. "माझंच चुकलं, आई."

शिवणाच्या खोलीच्या बाजूला वर्ग नव्हता. पाण्याची टाकी होती. ते तिला ठाऊक होतं आणि मलाही.

"बघा," आई म्हणाली. "आता कबूल करती."

सोमवारचा डोस मी तिला तिथंच दिला. दोन उरले होते. ते तिच्या हातात ठेवले. तसे द्यायचे नसतात, पण दुसरा इलाज नव्हता.

"एक उद्या. एक शुक्रवारी. विसरू नकोस."

"घेतल्या का नाही, ते तुम्हाला कसं कळणार?" तिनं विचारलं. अगदी सरळ विचारलं, वर्गात शंका विचारावी तसं.

"रिकामी पाकिटं पाठव. पोस्टानं."

"बरं."

तिच्या आईनं चहा ठेवला होता. मी तो प्यायले. नाही म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत येऊन दाखला घेऊन गेले. हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ आली. ती मी स्वतः पाहिली, कारण नववी 'ब'चा एक तास त्या दिवशी माझ्याकडे बदली आला होता. मी हजेरी घेतली आणि त्या नावाशी येऊन थांबले, आणि एक मुलगी म्हणाली, "ती गेली, बाई." रोहिणी असावी. मला बाकीच्या मुलींचे चेहरे कधी नीट ओळखता आले नाहीत.

पुढं ती शिकली का, तिचं काय झालं, मला माहीत नाही. मी अकोल्याला गेले नाही. दोनदा एसटी स्टँडपर्यंत गेले होते. एकदा तिकीटसुद्धा काढलं होतं.

संक्रांतीनंतर साताठ दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक लिफाफा आला. सरळ, गोल अक्षर. मी तो शिवणाच्या खोलीत नेला, कडी लावली आणि फोडला. आत दोन रिकामी पाकिटं होती. प्रत्येकावर पेनानं तारीख आणि वार घातला होता. मी लिफाफा उलटा करून झटकला, बोट घालून पाहिलं, शेवटी सगळ्या बाजूंनी उसवून सपाट केला. एखादी ओळ असेल, निदान एखादी शिवी असेल, असं वाटत होतं. काही नव्हतं. पाकिटांवर लिहिलं होतं, बुधवार आणि शुक्रवार. सहा महिन्यांत तिनं एकही डोस चुकवला नव्हता.